डोळे न मिटणारी बाहुली

बाहुली विकायची हे माझं मीच ठरवलं होतं, ते आधी सांगून टाकते. उगाच नातीला बोल नको. ती बिचारी एवढंच म्हणाली, "आजी, तुला आवडत नाही तर कपाटात कशाला कोंडून ठेवलीस? असल्या बाहुल्या जमवणारी माणसं असतात. मोबाईलवर फोटो टाकू का?"

मी म्हटलं, "टाक बाई."

आवडत नव्हती हे खरंच. तशी बाहुली भारीतली. असल्या मोजक्याच काढल्यात म्हणे, खोक्यात तिच्या नंबराचं कार्डसुद्धा आहे. हिरवी नऊवारी, नाकात नथ. पण जवळून बघाल तर नऊवारी पाठीमागून चिकटवलेली, नथ नुसती रंगानं काढलेली आणि डोळेही रंगवलेले. आडवी निजवा नाहीतर उभी करा, आपली टक लावून बघतच राहते. मला ते बघणं सोसत नव्हतं, कारण ती मला अक्कानं आणली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गेल्या संक्रांतीनंतर ती गेली.

आता एवढ्या म्हातारीला बहिणीनं बाहुली का आणावी, तेही सांगते. आम्ही मूळच्या पाथर्डीकडच्या. दिवाळी झाली की आई-बाप ऊस तोडायला निघायचे आणि आम्ही दोघी बैलगाडीत बोचक्यांवर बसून त्यांच्याबरोबर. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहायचो. तिथल्या साहेबाच्या पोरीकडं एक बाहुली होती. निजवली की डोळे मिटायची, उठवली की उघडायची. मला त्याचं इतकं वेड लागलं की अक्का मला काखेत मारून रोज त्यांच्या कुंपणाशी न्यायची. ती तरी केवढी? आठ-नऊ वर्षांची. एक दिवस त्या घरच्या बाईनं हटकलं. मी रडून गोंधळ घातला. मग अक्कानं आईच्या फाटक्या लुगड्याची बाहुली केली, कोळशानं डोळे काढले. निजताना त्या डोळ्यांवर दोन बोटं ठेवायची अन् म्हणायची, "बघ, मिटलं हिनं. आता तू बी मीट." आणि वर, "खरी आनीन तुला. मोठी झाले की आनीन."

मोठी झाली, लग्न झालं आणि दहा-बारा वर्षांत दाजी गेले. घोडेगावात आधी मोलमजुरी करून, पुढं शाळेची खिचडी शिजवून तिनं दोन पोरं वाढवली. बाहुलीचं मी तर पार विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

गेल्या वर्षी भादव्यात लक्ष्म्यांना आली ती बगलेत खोकं घेऊन. आमच्या पारनेरकडं गौरींना लक्ष्म्याच म्हणतात. एस्टीत सगळ्या वाटेनं खोकं मांडीवर धरून आलेली. सुनेच्या मोबाईलवर बघून मागवली होती. "उघड," म्हणाली, "निजवून बघ तिला." तोंडावर हसू मावत नव्हतं.

मी निजवली. परत उठवली, परत निजवली. आणि पटकन बोलून गेले, "अगं अक्का, फसवलं की गं तुला! हिचं डोळं कुठं मिटत्यात?"

तिनं माझ्या हातातून घेतली, स्वतः निजवून बघितली. मग म्हणाली, "फोटुत मिटल्याली हुती गं." एवढंच. मी आपली हसण्यावारी नेत म्हटलं, "जाऊ दे, आपल्या दोघींवानी हिला बी झोप येत न्हाई." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. गोड बोलायला काही पैसे पडत होते का मला?

दुसऱ्या दिवशी जेवणाचा थाट. लक्ष्म्यांपुढं आरास मांडली: लाकडी बैल, मातीची भांडी, पोरांची खेळणी आणि सगळ्यांच्या पुढं ही बाहुली. दुपारी बायका हळदी-कुंकवाला यायच्या होत्या. अक्का दरवर्षी त्या वेळेला चुलीपुढं बसायची, पोळ्या लाटायची. विधवा बाईनं कुणाला कुंकू लावायचं नाही आणि तिला कुणी लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कुणी तिला आत बस म्हणून सांगत नव्हतं. ती आपणहून बसायची, आणि मी बसू देत होते. माझ्याच घरात, एवढी वर्षं.

नैवेद्याचं ताट घेऊन मी बाहेर आले तर अक्का आराशीपुढं वाकलेली. बोट पाण्यात भिजवून कुंकवात टेकवलं आणि बाहुलीच्या कपाळाला लावत होती. सावकाश, गोल. तीसेक वर्षांत तिनं कुणाच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. मी दिसले तशी दचकली, बोट पदराला पुसलं.

"तिचं कपाळ भुंडं दिसत हुतं," म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं आणि ताट खाली ठेवलं.

बस, एवढंच झालं. कुंकवाचा करंडा दोघींच्या मधे उघडा होता. मी नुसतं कपाळ पुढं करायचं होतं. तेवढं मला सुचलं नाही. सुचलं नाही की धीर झाला नाही, हे माझं मलाच अजून कळत नाही. बायकांचा आवाज आला आणि ती आत गेली.

म्हणून ती बाहुली मला घरात नको झाली होती.

फोटो टाकल्यावर आठ दिवसांत पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. शिंगणापूरला निघाल्या होत्या, सुप्याहून वळून आमच्याकडं आल्या. बाई मोठ्या गोड. घरात म्हणे त्यांनी बाहुल्यांसाठी एक खोली ठेवली आहे. खोकं बघितलं, कार्ड बघितलं, खूश झाल्या. मग बाहुली उजेडात धरली.

"काकू, कपाळावर काय लागलंय हिच्या?"

"कुंकू हाय ते."

"अय्या! प्लॅस्टिकनं धरलंय की. पण निघेल, काळजी करू नका. पाच मिनिटांचं काम." पर्समधून कापूस काढला, कसलीशी बाटली काढली आणि मी काही म्हणायच्या आत एक हात फिरवला.

कापूस लाल झाला.

"थांबा," मी म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं असणार, कारण चहा आणणारी नात दारातच थबकली.

बाईंना वाटलं किमतीचं काही आहे. "अजून थोडे देईन की, काकू."

"तसं न्हाई हो. माझ्या बहिणीनं लावलंय ते."

"मग काय झालं? कुंकू काय, परत लावता येतं."

"तिला आता न्हाई लावता यायचं," मी म्हटलं, आणि बाहुली त्यांच्या हातातून काढून घेतली. चांगल्या बाई, रागावल्या नाहीत. चहा पिऊन गेल्या. कापसाचा बोळा बशीत राहिला होता, तो मी खोक्यात कार्डाशेजारी ठेवला. नातीनं कप-बशा उचलल्या. जाताना फक्त म्हणाली, "फोटो काढून टाकते, आजी."

निम्मं कुंकू गेलं ते गेलंच. उरलंय ते एका बाजूला, चंद्रकोरीएवढं.

यंदाच्या लक्ष्म्यांना मी ती परत सगळ्यांच्या पुढं मांडली. चुलीपुढं पोळ्या लाटायला मी एकटीच. दुपारी बायका आल्या. माझी जाऊ करंडा घेऊन लक्ष्म्यांना, मग आराशीतल्या एकेकाला कुंकू लावत आली. बाहुलीपाशी थांबली.

"हिचं पुसलंय की हो, जाऊबाई. लावते."

"नगं," मी म्हटलं. "लावलेलं हाय तिला."

"कुणी?"

"अक्कानं."

जावेचं बोट तिथंच थांबलं. मग तिनं बोट मागं घेतलं आणि शेजारच्या लाकडी बैलाला कुंकू लावलं.