मामाचं तळं आणि माझी पुस्तिका

धाकट्या मामानं फुलंब्रीजवळच्या रानात दहा गुंठे उकरून मासे पाळायला तळं केलं, तेव्हा थोरल्या मामानं त्याच्याशी बोलणं टाकलं. "बाजरीच्या रानात मासे? उद्या दावणीला मगर बांधशील," एवढं बोलून तो गेला आणि दोन वर्षं बांधावर फिरकला नाही. धाकट्याला मासे विकायचे नव्हतेच. मासे मोठे झाले की थोरल्याला बोलवायचं, लहानपणी नदीवर बसायचे तसं दोघांनी गळ टाकून बसायचं, असा त्याचा बेत. ज्या तळ्यानं भांडण लावलं, त्याच तळ्यानं ते मिटवायचं! आमच्या घराण्यात सरळ घास कुणी घेत नाही.

मी तेव्हा शहरात, मुकुंदवाडीत राहून शाळेत विज्ञान शिकवत होतो. मासा फक्त ताटात पाहिलेला, तरी तळ्याचा सल्लागार मीच. माझ्याकडे एक छापील पुस्तिका होती आणि तिच्यात रकाने होते. दर महिन्याला चुना एवढा, शेण एवढं.

उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं. आमच्याकडे खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, तशा मामानं तळ्याच्या तळातच बसवल्या. शेजारच्या धनगराच्या बाईनं भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून सात रात्री तिथं मेंढ्या ठेवल्या. तळ लेंड्यांनी काळा झाला. मग मी चुना आणवला. त्या बाईनं पायाखालचा एक पांढरा खडा उचलून दाखवला. "मास्तर, इथं मातीतच चुना हाय. वरून कशाला?" मी तिला आम्ल आणि आम्लारी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मेंढ्या हाकल्या. आम्ही चुना उधळला, वारं फिरलं, आणि मामा-भाचे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे घरी आलो.

पावसात तळं भरलं. बोटभर पिल्लं सोडली. मी दर महिन्याला शहरातून येऊन रकान्याप्रमाणे शेण टाकून घेत होतो. मेंढ्यांचं खत मी धरलंच नव्हतं, कारण पुस्तिकेत मेंढ्यांचा रकाना नव्हता. दिवाळीच्या आधी मासे वीतभर झाले आणि मामानं थोरल्याला रविवारचं आवतण धाडलं. नवल म्हणजे, येतो म्हणून निरोप आला.

रविवारला आठवडा होता. पाणी हिरवंगार झालं होतं. मेंढ्या घेऊन काठावरून चाललेल्या धनगराच्या बाईनं कोपरापर्यंत हात बुडवला. "पंजा दिसंना मालक. लई झालं. आता शेण नका टाकू." मामानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "या महिन्याचं राहिलंय." टाकलं.

मग तीन दिवस आभाळ आलं. शनिवारी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मामा हरखला. "बघ, मला ओळखाया लागले! खायला मागतेत." त्यानं मूठमूठ पेंड टाकली. शेणानं पाणी फार हिरवं झालं आणि वर ऊन नसलं की पाण्यातली हवा संपते आणि मासे असेच वर येतात, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं. मी रकान्यांच्या पुढं वाचलंच नव्हतं.

रविवारी सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं. थोरला मामा आला तो हातात जुना गळ घेऊन. त्यानं तो जपून ठेवला होता, हे आम्हाला तेव्हाच कळलं. काठावर उभा राहून त्यानं विचारलं, "एवढं शेण कुणी टाकाया सांगितलं?"

धाकट्या मामानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कुणी कशाला सांगंल? माझीच अक्कल."

"ती मला ठाऊक हायच," थोरला म्हणाला आणि गळ घेऊन परत गेला.

एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. मला त्याची लाज वाटते, पण लाज वाटून गोष्ट सांगायची थांबली नाही. घरच्या प्रत्येक लग्नात मी ती रंगवून सांगतो. माझ्या गोष्टीत शेण मामाच टाकतो, आणि धनगराच्या बाईला शहाणपण शिकवणाराही तोच असतो. थोरला मामा पलीकडं बसून पोट धरून हसतो, धाकट्याकडं मात्र बघत नाही. आणि मी "आमच्या मामानं एकदा तळं केलं" म्हणालो, की सगळ्यांच्या आधी धाकटा मामा हसतो, मला सांगणं सोपं जावं म्हणून.