काल्हेरला गाडी तापली

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटा काटा आहे. इंजिन गार असलं की तो डावीकडे पडून असतो, तापलं की उजवीकडे लाल पट्टीकडे सरकतो. गाडी जुनी, डिझेलची, जीपच्या घडणीची. इतकी वर्षं ती हेच चालवायचे, म्हणजे माझे यजमान. काटाही तेच बघायचे. मी शेजारी बसून ‘हळू चालवा’ एवढंच म्हणायचे. मग ह्यांच्या किडन्या गेल्या आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा भिवंडीच्या कामतघरहून ठाण्याला जावं लागायचं. रिक्षाचे हादरे ह्यांना सोसत नव्हते, आणि परक्याच्या गाडीत उलटी झाली तर काय, ह्या विचाराने हे आदल्या दिवसापासून जेवायचे नाहीत. आपल्या गाडीत मागच्या सीटवर आडवं पडता येतं. शिकले झालं. शिकवणारा म्हणायचा, काकू, तुम्ही गाडी नाही चालवत, गाडीला ओरडता.

आमच्या घराची मागची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडला लागून आहे. शेड आमचीच, हल्ली भाड्याने दिलेली. हे तरुणपणी स्वतः लूमवर उभे राहायचे, नंतर चार लूमचे मालक झाले. त्या शेडमधून कापसाची तूस दिवसभर उडत असते. ती तुळशीवर बसते, दांडीवरच्या कपड्यांवर बसते, पापडांवर बसते. गाडी त्याच भिंतीला टेकून उभी. यंदा हिवाळा सरता सरता ती पहिल्यांदा तापली, तेव्हा निजामपुऱ्यातल्या मेस्त्रीने पुढची जाळी काढून मला इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर दाखवला होता. तुसीने आणि धुळीने तो गच्च भरला होता.

“भाभी, लूम के बाजू में गाडी रखोगे तो रुई तो खाएगी,” तो म्हणाला. पाण्याचा फवारा मारून त्याने सगळं स्वच्छ केलं. दर दोन महिन्यांनी असं करा, असं बजावलं. मी मास्तरीण, समोरच्याला प्रश्न विचारून भंडावायची सवय. इंजिन कशाकशाने तापतं ते सगळं त्याला विचारून घेतलं. त्याने हौसेने सांगितलं आणि शेवटी एक वाक्य असं टाकलं की ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. “अब साफ किया है. इसके बाद भी गरम हुई, तो समझो हेड गया.”

हेड गेलं म्हणजे इंजिन उघडायचं. इंजिन उघडलं म्हणजे गाडी बरेच दिवस गॅरेजात. हेही बरोबर होते; ते ऐकून घरी आल्यावर हे गाडीतून लवकर उतरलेच नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

आणि दोन महिने भरायच्या आत, उन्हाळ्यात एका दुपारी, ठाण्याला जाताना, काल्हेरच्या गोदामांपाशी काटा अर्ध्याच्या वर गेला.

त्या दिवशी आम्हाला डायलिसिस चुकवून चालणारच नव्हतं. दोन डायलिसिसमधली सुट्टी लांबलेली होती, ह्यांच्या अंगात पाणी साठलं होतं. पाय सुजून चपला जात नव्हत्या. आडवं झालं की छाती भरून यायची, म्हणून आदली रात्र त्यांनी उशांना टेकून बसून काढली होती. आजची मशिनची वेळ गेली की तिथे दुसरा पेशंट बसणार आणि आम्ही उद्यावर जाणार. त्या उद्याचा विचार मी करत नव्हते. म्हणजे, सतत तोच करत होते.

पुढे ट्रक, मागे कंटेनर, डावीकडे गोदामातून उलटा निघणारा टेम्पो. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि काटा मात्र सरळ निघाला होता. मी रस्ता बघत नव्हते, काटाच बघत होते. मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण मागच्या सीटवरून ह्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यामुळे रडता येत नव्हतं.

“काटा कुठं हाय?” ह्यांनी विचारलं.

“आहे मध्येच.”

“खोटा नको बोलू गो. मना वास येतंय.”

मग मला आठवलं, मेस्त्री म्हणाला होता, अडकलात तर हीटर पूर्ण चालू करा, इंजिनाची गरमी आत ओढली जाते. भर उन्हाळ्यात, भिवंडीच्या रस्त्यावर, मी हीटर लावला. चुलीपुढे तोंड धरल्यासारखी हवा अंगावर आली. खिडक्या उघड्या होत्या तरी जीव गुदमरत होता. इंजिन वाचवायला मी आजारी माणसाला भाजत होते, आणि इंजिन वाचवत होते ते त्याच माणसासाठी. आरशात पाहिलं तर ह्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

“बंद करू का हो?”

“राहू दे. घाम येतंय तं बरा हाय. तेवढा पानी कमी.”

हे असे विनोद करतात. मला त्यांच्या विनोदांचा फार राग येतो.

काटा थोडा थबकला, पण उतरला नाही. तो लाल पट्टीच्या जरा अलीकडे असतानाच एका गोदामाचं फाटक उघडं दिसलं, तिथे मी गाडी आत घातली आणि इंजिन बंद केलं. वॉचमन ओरडत आला, ह्यांच्याकडे बघून गप्प झाला. सावलीत घ्या म्हणाला. मेस्त्रीला फोन लावला, तो लागेना. दुसरी गाडी बोलवावी म्हणून पाहिलं, तर ती आमच्याच मागच्या गर्दीत अडकून येणार होती.

बॉनेट उघडताना मी साडीचा पदर हाताला गुंडाळला होता. आत सगळं तडतडत होतं. मला खरं सांगायचं तर पळून जावंसं वाटलं. साठी उलटलेली बाई, गाडीत नवरा धापा टाकतोय, आणि हिने गॅरेज उघडलंय. पण पळणार कुठे? वर्गात पोरं फळ्यापुढे गांगरली की मी म्हणायचे, पहिल्या पायरीपासून सुरू कर. मी स्वतःला तेच म्हटलं.

रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. ते लक्षात होतं. बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यात पाणी होतं, खुणेपर्यंत. म्हणजे गळती नव्हती. ऑइलची पट्टी बाहेर काढली. हेड गेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतं आणि ते दुधाच्या चहासारखं दिसतं, असं मेस्त्री म्हणाला होता. पट्टी पुसताना ऑइल ब्लाउजवर उडालं. काळं होतं. काळंकुट्ट, सुंदर काळं. मी तशीच एक क्षण डोळे मिटून उभी राहिले.

मग रेडिएटरचा वरचा पाइप आणि खालचा पाइप. पाणी सोडणारी झडप, थर्मोस्टॅट, अडकली तर वरचा पोळतो आणि खालचा गार राहतो. मी खालच्याला बोट लावलं आणि ओय करून मागे घेतलं. तोही तितकाच गरम. म्हणजे पाणी फिरत होतं. पंखाही चांगला होता, त्याचा पट्टा शाबूत होता. पाणी आहे, पाणी फिरतंय, पण गार होत नाही. मग हवाच लागत नसणार. पण रेडिएटर तर धुतलेला! इथे माझं घोडं पेंड खात होतं.

तोपर्यंत वॉचमनने बाटलीभर पाणी आणलं. ह्यांना देऊ लागला. ह्यांनी बाटलीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला कधी विसरता येणार नाही. डायलिसिसच्या माणसाला पाणी घोटाघोटाने मोजून मिळतं.

“गारीला पाज,” हे म्हणाले. “मना कुठं परवानगी हाय?”

ते बोलताना वाक्याच्या मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला. आधी असं होत नव्हतं. मी काहीही विचार न करता इंजिन पुन्हा चालू केलं, पुढे आले आणि हातातला रुमाल जाळीवर धरून सोडला. आतून पंखा हवा ओढत असेल तर रुमाल जाळीला चिकटून राहायला हवा. तो सरळ घसरून माझ्या पायाशी पडला.

इंजिन बंद करून मी मोबाइलचा उजेड वरून, जाळी आणि रेडिएटरच्या फटीत मारला. तिथे करड्या रंगाचा, घोंगडीसारखा जाड थर होता. इतकी तूस इतक्या लवकर? मी हात घातला, ओढला, तर थर ताणला जाऊन परत जागेवर गेला. तूस अशी ताणली जात नाही. ते कापड होतं.

विरळ विणीचं कोरं कापड, चारी कडा दुमडून शिवलेल्या, चार कोपऱ्यांना नाड्या, आणि नाड्या रेडिएटरच्या चौकटीला बांधलेल्या. बांधणारी गाठ छोटी, चपटी, ओढाल तितकी घट्ट होणारी. लूमवर तुटलेला धागा जोडतात ती गाठ. ती गाठ मी लग्नापासून बघत आले आहे. आमच्या घरात पायजम्याच्या नाडीपासून मच्छरदाणीपर्यंत सगळं त्याच गाठीने बांधलेलं असतं.

ती सुटेना. मी ह्यांच्या खाण्याच्या डब्यातली फळांची सुरी आणली आणि नाड्या कापल्या. कापड बाहेर आलं ते धुळीने आणि तुसीने फुगून जड झालं होतं. मी ते ह्यांच्या खिडकीसमोर धरलं.

“हे काय आहे?”

ह्यांनी मान खाली घातली. “कापूस आत जाऊ नये म्हनून बांधला. तू बाजारात गेलीवतीस तवा.”

“मला सांगायचं नाही? जीव जायची वेळ आली होती!” मी ओरडले. वॉचमन दोन पावलं मागे सरकला. “मेस्त्री म्हणाला होता ना दोन महिन्यांनी साफ करा? केलं असतं की!”

“आता मी हाय, मी आठवन करीन.” ते थांबले, श्वास घेतला. “मी न्हाय तवा कोन सांगंल तुला? मना वाटला, एकदाच बांधून ठेवावा. पुरं तुझी गारी रस्त्यात बंद नको पराया.”

पुढे तुझी गाडी. मी ते कापड पायाखाली टाकलं, मग पुन्हा उचललं, डिकीत ठेवलं. इंजिन चालू केलं. रुमाल जाळीला लावला, तो चिकटून बसला.

काटा हळूहळू खाली आला. कशेळीचा पूल ओलांडेपर्यंत तो अर्ध्याच्या खाली होता. आम्ही उशिरा पोहोचलो, पण मशिन अजून रिकामं होतं. ह्यांना खुर्चीत बसवलं, सुया टोचल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास खाली बसला. मी बाहेर जिन्यात जाऊन पोटभर रडले.

परतताना हे मागे झोपले होते. रस्ता मोकळा होता, हवा आत येत होती, इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मी मनाशी एक गोष्ट कधीची ठरवून ठेवली होती. ह्यांच्यानंतर ही गाडी विकून टाकायची, एकटीने कुठे जायचंय. हे मात्र घरी बसून, सुजलेल्या बोटांनी, माझ्या त्याच एकटेपणासाठी कापड शिवत होते. मी जी वेळ टाळत होते ती त्यांनी केव्हाच गृहीत धरली होती.

“काटा कुठं हाय?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

“जागेवर.”

“मंग बरा.”

आरशात पाहिलं तर मागची सीट अजून त्यांनी भरलेली होती. दुपारभर मला भीती होती की गाडी बंद पडेल. आता ती इतकी सुरेख चालत होती की ह्यांच्यानंतरही ती खूप वर्षं चालेल असं वाटलं, आणि मी पुन्हा घाबरले.