टॅनर्स फोर्डची ब्रिटिश फौज

ज्ञानदेव ओव्हाळ दर मार्च महिन्यात एकदा मरत असत, आणि त्यांच्यासारखं दुसरं कोणी मरत नाही याबद्दल टॅनर्स फोर्ड गावात दुमत नव्हतं.

टॅनर्स फोर्ड हे नॉर्थ कॅरोलायनातलं लहानसं गाव. मॉरिसव्हिलहून गाडीने तासाभरावर, एक सिग्नल, चार चर्च आणि मध्ये एक नदी. या नदीकाठी १७८१ साली एक लढाई झाली. तिला लढाई फक्त गावच म्हणतं; इतिहासाच्या जाड पुस्तकांनी तिची दखल घेतलेली नाही. ब्रिटिशांची एक तुकडी तळ ठोकून बसली होती. गावकऱ्यांनी रात्री एका आडवाटेच्या उथळ उतारावरून नदी ओलांडली, पाठीमागून येऊन तुकडीला गाठलं आणि न्याहारीच्या आत सगळं आटोपलं. गावाची नऊ माणसं पडली. त्यांची नावं चौकातल्या दगडावर आहेत आणि गावाचा सगळा अभिमान त्या दगडाभोवती आहे.

दरवर्षी त्या लढाईचं नाटक नदीकाठच्या मैदानात होतं. अडचण एकच होती. गावात जो तो स्वातंत्र्यवीराचा वंशज. ज्याचा पणजोबा १९२० साली ओहायोतून इथे आला तोही. लाल कोट घालायला कोणी तयार होईना. गावात ब्रिटिशांची भीषण टंचाई होती, आणि समोर शत्रूच नसेल तर स्वातंत्र्य मिळवायचं कोणाकडून?

तेव्हा समितीचे अध्यक्ष वेन ब्रॅन्सन यांची नजर ज्ञानदेवांवर पडली. ज्ञानदेव गावाच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. मूळचे शिरूर तालुक्यातले, बोलायला मोजके, नाही म्हणायला त्याहून मोजके. ब्रॅन्सननी विचारलं, ज्ञानदेव हो म्हणाले. घरी त्यांची मुलगी मैत्री ते ऐकून जेवता जेवता थांबली.

"बाबा, यू आर लिटरली द कॉलोनायझर!"

"फक्त दोन तास असतं गं," ज्ञानदेव म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

पहिल्या वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने ज्ञानदेव आणि एक व्हिएतनामी दातांचा डॉक्टर असे दोघेच होते. ते फारच लवकर हरले, प्रेक्षकांचे पार्किंगचे पैसेसुद्धा वसूल झाले नाहीत. मग ज्ञानदेवांनी मॉरिसव्हिलला फोन फिरवले. निम्मे लोक महाराष्ट्र मंडळातून आले, निम्मे चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कमिटीतून. एरवी या दोन गटांची तोंडं दोन दिशांना, पण ब्रिटिश म्हणून त्यांची छान एकजूट झाली. मंडळाच्या लोकांना स्टेजची सवय होती, तेवढी एक खोड मोडावी लागली. ते मरताना संवाद म्हणत. एका डेटा सायंटिस्टने तर छातीला हात लावून आईची क्षमा मागितली होती, तीही मराठीत. ज्ञानदेवांनी सगळ्यांना शिस्त लावली: गोळी वाजली की पडायचं, पडलं की गप्प. ते स्वतः आधी डाव्या गुडघ्यावर येत, कारण उजवा बदललेला होता, मग सावकाश कुशीवर होत. म्हाताऱ्या बायका हळहळत. तेरा वर्षांत ते शिपायाचे कॅप्टन झाले आणि गाव त्यांना रस्त्यात "गुड मॉर्निंग, कॅप्टन" म्हणू लागलं. हे त्यांना आवडत असे. परक्या मुलखात माणसाला कोणी हाक मारावी यासारखं सुख नाही, असं ते बायकोला, सुजाताला, एकदा म्हणालेही होते.

चौकातल्या दगडावर नऊ नावांच्या खाली आणखी एक ओळ होती. 'आणि एक नोकर'. नदीचा उतार गावकऱ्यांना दाखवला तो याने, आणि पहिली गोळी लागली तीही यालाच. तो नोकर पगारी नव्हता हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ज्ञानदेव त्या दगडासमोरून रोज जात. प्रत्येक वेळी त्या ओळीशी त्यांचं पाऊल अडखळे. लहानपणी दर एक जानेवारीला वडील त्यांना भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी नेत आणि त्यावरची नावं वाचायला लावत. वडिलांना स्वतःला वाचता येत नव्हतं. शेवटी 'नाक' असलेलं, म्हणजे महार शिपायाचं, नाव आलं की ते मान हलवत, जणू ओळखीचं कोणी भेटलं. दगडावर नाव असणं म्हणजे काय, हे ज्ञानदेवांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एकदा नदीपलीकडून नळाला तांबडं पाणी येत असल्याची तक्रार आली. तक्रार मिस ओडेसा व्हिटली यांची. ऐंशीच्या पुढच्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या, काळ्या वस्तीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई. ज्ञानदेवांनी पाइप तपासला, पाणी स्वच्छ झालं. बाईंनी गोड चहाचा ग्लास पुढे केला आणि सरळ विचारलं, "तो लाल कोट घालून पडणारा तूच ना?"

"हो. तुम्ही येता का बघायला?"

"मी कशाला येऊ? तिथे आमचा माणूस मरतो आणि त्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही."

"त्याचं नाव माहीत आहे?"

"आयशम," त्या म्हणाल्या. "आमच्या चर्चमध्ये दरवर्षी प्रार्थनेत घेतात. माझी आजी घ्यायची, तिची आजी घ्यायची. तुमच्या समितीने कधी विचारलं नाही, एवढंच."

ज्ञानदेवांनी चहा संपवला. घरी येताना गाडी त्यांनी चुकीच्या वळणावर घातली, आणि ते पाणीपुरवठ्याच्या नकाशावर जगणारे गृहस्थ होते.

यंदा देशाला अडीचशे वर्षं होणार म्हणून गावाने जुना झिजलेला दगड बदलून ग्रॅनाइटचा नवा बसवायचं ठरवलं होतं. मार्चचं नाटक झालं की सोमवारी मजकूर कोरणाऱ्याकडे जाणार होता. एकदा ग्रॅनाइटवर कोरलं की पुढची दोनशे वर्षं तेच. नव्या दगडावर आयशमचं नाव कोरा, असं सांगायला ज्ञानदेव समितीपुढे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कशासाठी तरी हात वर केला होता.

ब्रॅन्सननी शांतपणे ऐकून घेतलं. ते सज्जन गृहस्थ होते. लढाईत गावाचं नेतृत्व करणारे कर्नल ब्रॅन्सन हे त्यांचे पूर्वज, दगडावरचं पहिलं नाव त्यांचंच, आणि नाटकात कर्नलचं काम अर्थातच वेन ब्रॅन्सन करत.

"ज्ञान, मला मनापासून आवडलं असतं," ते म्हणाले. "पण पुरावा? चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीवर आपण ग्रॅनाइट कोरू शकत नाही."

ब्रॅन्सन यांची एक पद्धत होती. कोणाला नाही म्हटलं की दोन दिवसांत त्याच्या दारात केक पोचायचा. ज्ञानदेवांनी विषय तीनदा काढला. सुजाताने तिसरा केक फ्रीजमध्ये कोंबत म्हटलं, "आता एक तर तो माणूस तरी बदलू दे, नाहीतर आपण फ्रीज तरी बदलू."

"गावाने आपलं म्हटलंय गं मला," ज्ञानदेव म्हणाले. "नोकरी पण गावाचीच. तमाशा कसा करू?"

"नका करू," सुजाता म्हणाली. "पण मग त्या दगडासमोरून जाऊ नका. रोज येता आणि दोन तास बोलत नाही तुम्ही."



नाटकाच्या दिवशी सकाळी ब्रिटिश फौज चर्चच्या मागे बटणं लावत होती. मॉरिसव्हिलचा प्रफुल्ल, क्लाउड सिक्युरिटीवाला, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "काका, आज ट्रॅफिक जबरदस्त आहे यार. लवकर मरून निघूया का?"

ज्ञानदेवांनी टोपी सारखी केली. "ऐका सगळे. आज मी सांगेपर्यंत कोणी मरायचं नाही."

फौजेने एकमेकांकडे पाहिलं. "पण स्क्रिप्टमध्ये..." कोणीतरी म्हणालं.

"स्क्रिप्ट मला माहीत आहे," ज्ञानदेव म्हणाले आणि त्यांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं.

मैदान भरलं होतं. पुढच्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर मिस ओडेसा बसल्या होत्या. त्यांना ज्ञानदेवांनी स्वतः घरी जाऊन बोलावलं होतं, का ते न सांगता. ढोल वाजले, गावकरी नदीतून गुडघाभर पाण्यात ओरडत आले. ब्रॅन्सन तलवार उपसून पुढे झाले. कर्नल आणि कॅप्टन, दोघांच्याही कॉलरला माइक होता, कारण इथे दोघांचा ठरलेला संवाद होता.

"तुम्ही आलात कुठून?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"स्वातंत्र्याच्या वाटेने!" ब्रॅन्सन गरजले. टाळ्या झाल्या. आता गोळ्या वाजायच्या आणि ज्ञानदेवांनी डाव्या गुडघ्यावर यायचं.

"ती वाट तुम्हाला दाखवली कोणी?" ज्ञानदेव म्हणाले.

हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ब्रॅन्सन क्षणभर थांबले आणि मग ओरडले, "फायर!"

बंदुका वाजल्या, धूर झाला, धूर विरला. ब्रिटिश फौज जशीच्या तशी उभी होती. प्रेक्षकांत हशा पिकला. लाउडस्पीकरवरच्या माणसाने बंदुका जुन्या असल्याचं स्पष्टीकरण दिलं. गावकऱ्यांनी पुन्हा दारू ठासली. त्या बंदुका भरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळं मैदान एका पाणीपुरवठा इंजिनिअरकडे बघत होतं. दुसरी फैर झाली. मंडळातल्या एकाचा गुडघा सवयीने वाकला, प्रफुल्लने त्याला दंडाला धरून सरळ केलं.

"ज्ञान," ब्रॅन्सन माइक विसरून कळवळून म्हणाले, "पड ना. प्लीज."

"पडतो, वेन," ज्ञानदेव म्हणाले. आपली नोकरी, आपली 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' सगळी आता या नदीत गेली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि तरी पाय हलत नव्हते. "तेरा वर्षं पडतोय. फक्त सांग, वाट कोणी दाखवली. तुला माहीत नसेल तर तसं सांग. लगेच पडतो."

आता कोणी हसत नव्हतं. ब्रॅन्सन यांनी नदीकडे पाहिलं, मग लोकांकडे, मग पुढच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईंकडे. मला माहीत नाही, एवढं म्हणणं अगदी सोपं होतं. माणूस सज्जन होता, इतक्या लोकांसमोर खोटं बोलणं त्याला जमलं नाही. तलवारीचं टोक हळूहळू गवताला टेकलं.

"आयशम," ब्रॅन्सन म्हणाले. माइकमुळे ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "त्याचं नाव आयशम होतं. आमच्या घरचा होता. माझ्या आजीने सांगितलं होतं मला."

मिस ओडेसा खुर्चीतून उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. कोणीतरी पत्ता विचारावा आणि आपण खात्री करून द्यावी तशा आवाजात त्या म्हणाल्या, "हो. तोच."

"थँक यू, कर्नल," ज्ञानदेव म्हणाले. मग त्यांनी मागे वळून फौजेला सांगितलं, "चला."

गोळी न वाजताच अख्खी ब्रिटिश फौज एकदम पडली. ज्ञानदेव आधी डाव्या गुडघ्यावर आले, मग कुशीवर झाले. गवत ओलं होतं. वर गावकरी जिंकल्याचा जल्लोष करायचं विसरून उभे होते, आणि ब्रॅन्सन टोपी काढून, पडलेल्या फौजेतून वाट काढत, मिस ओडेसांच्या खुर्चीकडे निघाले होते.

"काका," शेजारी मरून पडलेला प्रफुल्ल ओठ न हलवता म्हणाला, "रडू नका ना. तुम्ही मेलायत. लोक बघतायत."

"बघू दे," ज्ञानदेव म्हणाले.