दोन चांदण्या

आमच्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक फाइलवर मालकाचं नाव आणि परवाना आहे का, हे तपासणारं टूल सकाळपासून कुरकुरत होतं. ‘इथल्या सगळ्या फाइली माझ्या’ सांगायला मी त्याच्या यादीत माझ्या नावापुढे एक चांदणी, म्हणजे * ही ‘सगळं’ अशी खूण, टाकली. ती आतल्या फोल्डरच्या उंबऱ्यावरच थांबली. शेजारी दुसरी टाकली मात्र, आणि काय सांगू! दोघी पार आतल्या कोपऱ्यापर्यंत धावल्या. सगळं हिरवंगार! मी खुर्चीतून उठलोच.

“अरे, प्रोग्रॅमसाठी माझ्या आईने काढलेली चित्रंही तुझी झाली की!” शेजारची मैत्रेयी म्हणाली.

किती सहज घेतो आपण सगळं आपल्या नावावर! एकाच फाइलला यादीतल्या दोन ओळी लागू पडल्या तर शेवटची जिंकते, म्हणून मी खाली चित्रांच्या फोल्डरपुरती वेगळी ओळ लिहिली, तिच्या आईच्या नावाची. टूल पुन्हा हिरवं झालं. या वेळी मैत्रेयीने स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला.