मूठभर नाचणी

"मूठभर घाल आदी. मंग फिरव."

संग्रहालयातल्या जात्यापाशी येणाऱ्या प्रत्येकाला मावशी हेच सांगायच्या. तुम्ही पुण्याचे असा नाहीतर शेजारच्या मुठा गावचे, कनवटीची पुरचुंडी सोडून त्या चार दाणे नाचणी तुमच्याही तळहातावर ठेवायच्या. भिंतीवर पाटी होती, 'वस्तूंना हात लावू नये.' मी ती वाचून दाखवली की म्हणायच्या, "पाटीला म्हणावं, तू नगं लावू."

मुळशीच्या तलावाकाठी एका मास्तरांनी दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडल्या होत्या. तिथं मी झाडलोट करायचो. बीडकडचा, सातवीत शाळा सुटलेला, ओळखीचं कुणी नाही. पहिल्या दिवशी मला भाकरी दिली ती मावशींनीच. तिथलं जातंही त्यांचंच. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा दोन खेपांत डोक्यावरून आणलेलं.

एकदा शाळेतल्या पोरी आल्या. एकीनं जातं रिकामंच ओढलं. मावशींनी झटकन खुंटा धरला.

"मोकळं फिरवू नगं, बाय. घर खायला उठतं."

मग दाणे घातले, पोरीच्या हातावर आपला हात ठेवून फिरवलं. पीठ सांडू लागलं तशी पोरगी हसली. "मावशे, तुमचं घर कुटं हाय?"

मावशींनी खिडकीतून पाण्याकडे बोट केलं. "त्ये काय. माशांना भाड्यानं दिलंय."

पोरी खिदळल्या. मला काही हसू आलं नाही.

पण पिठाला मुंग्या लागल्या, मग उंदीर आले. त्यांनी एक पोथी कुरतडली. मास्तरांनी विचारलं, "झाडतोस ना रे नीट?" नोकरी गेली तर जायचं कुठं? मी मावशींचं नाव सांगितलं. आठवड्याभरात जात्यावर काचेची पेटी बसली.

मावशी आल्या, काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं क्येलंस. तुला पोट हाय." पुरचुंडी माझ्या हातात दिली. "भाकर करून खा."

पुन्हा त्या आल्या नाहीत. दोन महिन्यांनी वारल्याचंच कळलं.

लोक पुढंही येत. पाटी वाचत, काचेशी क्षणभर थांबत आणि निघून जात. संध्याकाळी कुलूप लावताना मला आतून रिकाम्या जात्याची घरघर ऐकू यायची. कान द्यावा तर नुसतं पाणी.

एक दिवस पुसायला म्हणून पेटी उचलली. खोलीत मी एकटाच. पुरचुंडी तोवर सोडलीच नव्हती. ती सोडली, मूठभर घातली आणि फिरवलं.

पीठ खाली पडलं. मी झाडलं नाही.