धुरकरी हलका पाहिजे

बापाने बाभळीच्या दांड्यांना जुनी चाकं ठोकली, पुढे आमचे दोन गोऱ्हे जुंपले आणि मला वर बसवलं. जानेफळच्या रस्त्याला लागून आमचं वावर होतं. पीक निघालं की त्या रिकाम्या वावरात मी गोऱ्हे पळवायचो. तोंडात धूळ जायची, मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो, आणि बाप बांधावर उभा राहून हसायचा. एरवी तो फारसा हसत नसे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. हिवाळ्यात आमच्याकडे गावोगाव शंकरपट भरायचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. हलक्या छकड्यावर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. गोऱ्ह्यांच्या पटात मी जिंकत गेलो, मग थोड्या मोठ्या बैलांवर बसलो, तिथेही जिंकलो. सातवी झाली तेव्हा मला मेहकरच्या शाळेत जायचं होतं. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावचे एक मोठे जमीनदार आमच्या दारात आले. त्यांची जोडी सगळ्या जिल्ह्यात गाजलेली, आणि त्यांची एक विहीर आमच्या बांधाला लागूनच होती. सगळे त्यांना मालक म्हणत.

"पोट्टा मले द्या," ते बापाला म्हणाले. "माह्या घरी राहीन, खाईन, जोडी सांभाळीन. तुमच्या मिरचीले माह्या विहिरीचं पाणी घ्या."

बाप माझ्याकडे न बघताच "हाव" म्हणाला.

मालकांच्या घरी मी गोठ्यालगतच्या खोलीत राहायचो. माझं मुख्य काम हलकं राहणं. दर बाजाराच्या दिवशी मालक मला कापसाच्या काट्यावर उभं करत. काटा जरा झुकला की माझ्या ताटातली भाकर अर्धी व्हायची. बैलांना मात्र दूध, उडदाचं पीठ, गुळाचे गोळे. ते गोळे मीच वळायचो आणि माझ्या हाताने त्यांच्या तोंडात घालायचो. पोटात खड्डा पडलेला असायचा.

घरी जाईन म्हटलं तर मिरची पाण्याने डवरलेली. माय यायची तेव्हा मिरचीचंच कौतुक सांगायची. मी तिला काय सांगणार होतो?

दुसऱ्या वर्षी वडनेर भोलजीच्या पटात माझ्या शेजारून दुसरी जोडी सुटली. अर्ध्या वाटेत तिचा धुरकरी घसरला आणि पाय चाकात गेला. माझ्याच वयाचा होता. माझी जोडी थांबली नाही, मी जिंकलो, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला दिसत होतं, त्याला खाटेवर घालून नेत होते. नंतर कळलं, पाय गेला.

त्यानंतर छकड्यावर बसलं की माझी नजर चाकावरच जायची. मी मालकांना म्हटलं, "मले भेव वाटते."

ते हसले. "जिंकून राह्यला अन् भेव काऊन वाटते बे?"

मग मला एक वाट सुचली. मी बैलांचे गोळे खायला लागलो. दोन बैलांना, एक मला. एकदा तोंडात गोळा असतानाच मालकीणबाई गोठ्यात आल्या. मी तसाच उभा. त्या रिकामी परात उचलून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पिठाची परात जास्त भरलेली येऊ लागली.

मी अंगाने भरलो. काटा झुकला, अर्ध्या भाकरीवरही झुकतच राहिला. शेवटी मालकांनी बापाला बोलावणं धाडलं. आता घरी जायचं, या आनंदात मी कपड्यांचं गाठोडं बांधून बसलो होतो.

बाप आला तो माझ्या धाकट्या भावाला घेऊन. भाऊ किडकिडीत, काडीसारखा. मालकांनी त्याला बगलेत धरून उचलून पाहिलं.

"हा चालन," ते म्हणाले.

भाऊ तर नाचायलाच लागला. धावत माझ्याकडे आला. "दादा, आता मी बसन! मोठ्या जोडीवर!"

मला तो खाटेवरचा पाय दिसला. मी गाठोडं सोडलं आणि मालकांपुढे जाऊन उभा राहिलो. "याले काही येत नाई. बैल फेकतीन याले. मी उतरवतो वजन. पुढच्या पटाच्या आत उतरवतो."

"उतरलं नाई तं?"

"उतरन."

भाऊ रडत घरी गेला. मी गोळे सोडले. मालकीणबाईंनी परात तशीच भरून पाठवली, मी उरलेलं गाईपुढे टाकलं. ताकावर आणि मूठभर फुटाण्यांवर दिवस काढले. चक्कर यायची, तरी काटा वर गेला आणि मी पुन्हा छकड्यावर बसलो.

पण माझी उंची वाढत होती, तिला उपाशी ठेवता येत नव्हतं. ती फार वाढायच्या आत भावाला पटापासून दूर करायला हवं होतं. माय आली तेव्हा मी तिला गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं. भुकेचं, त्या पायाचं, सगळं. ती मिरचीबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "अन् तुह्यं कसं?"

"माह्यं चालते," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात तिने भावाला मेहकरला मामाकडे नेऊन शाळेत घातलं. बापाने भांडण केलं, जेवण सोडलं, पण ती बधली नाही.

मी आणखी दोन हिवाळे जोडी हाकली. मग गुडघे धुरेवर मावेनासे झाले आणि मालकांनी मला एक धोतर देऊन निरोप दिला. विहिरीचं पाणी बंद झालं. बापाने मिरची मोडून ज्वारी पेरली आणि बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. शाळेत जायचं वय माझं टळलं होतं. मी वावरात राबायला लागलो.

भाऊ शिकला, मास्तर झाला. आजही सणावाराला जेवण झालं की तो पोरांना ऐकवतो, "याच्यानं मी पटात गेलो नाई. नाईतर याच्यापेक्षा भारी धुरकरी झालो असतो."

त्याला खरं सांगावं असं अनेकदा मनात येतं. पण तो ते इतक्या हौसेने सांगतो, आणि पोरं इतकी हसतात, की मी म्हणतो, "हाव, झाला असता."