मापाचा सोल

राउंडला मेट्रन माझ्या मागून चालायची तेव्हा ती पेशंटकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या टाचेकडे बघत होती. मी तंजावरच्या एका खासगी इस्पितळात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात नर्स आहे आणि लंगडणारी नर्स वॉर्डात चालत नाही. तिने एकदाच सांगितलं होतं, "सिस्टर, पुढच्या महिन्याची ड्यूटी लावायच्या आत पाय सरळ पडला पाहिजे. नाहीतर खाली नोंदणीच्या काउंटरवर बसा." काउंटरवर बसून नाव, वय, गाव विचारायचं, म्हणजे माझ्या लेखी नर्सपण संपलं. त्यामुळे "दुखतं का?" असं तिने विचारलं की मी तोंडभर हसून "छे, कुठे" म्हणायची.

दुखत होतं. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. आमच्याच हाडाच्या डॉक्टरांना मी गुपचूप दाखवलं. ते म्हणाले, औषधाच्या दुकानात बुटात घालायचे तयार सोल मिळतात, ते आधी वापरून बघा. बहुतेकांना तेवढ्यानेच बरं वाटतं. नाहीच जमलं तर पायाच्या मापाने करून घ्या.

आईचंही तेच मत. "मरुंदकडेत तयार मिळतंय की. ते घालून पाह. नाही झालं तर मग पाहूं," ती म्हणाली. औषधाच्या दुकानाला आमच्या घरात हाच तमिळ शब्द चालतो. मी तिच्यावर खेकसले. आधी ते वापरून बघायचं आणि मग माप द्यायचं, एवढा वेळ नव्हता, हातात जेमतेम महिना होता. शिवाय दुकानात टांगलेला, कुणाच्याही पायाला बसणारा सोल माझ्या दुखण्याला पुरेल, हे मानायलाच मी तयार नव्हते. माझा राग असा नाकावर असतो.

मापाचे सोल करणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे निघाले. पांढरे केस, कपाळाला विभूती. त्यांनी जमिनीवर फोमचा खोका ठेवला. त्यात पाय दाबला की ठसा उमटतो आणि त्यावरून सोल बनतो. मग ते माझ्या पायाशी उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी माझी टाच धरली. वडीलधाऱ्यांना चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, हे अंगात मुरलेलं. मी पाय मागे ओढला. "नको अय्या, तुम्ही सांगा, मी ठेवते."

"बरं अम्मा. सगळा भार टाका."

मी टाकला. निदान मला तसं वाटलं.

पंधरा दिवसांनी सोल आले आणि पाय आणखी बिघडला. तळव्याच्या मध्ये उंचवटा टोचायचा, टाच मात्र पोकळीत डुगडुगायची. नवं आहे, सवय होईल, असं सगळे म्हणाले. मी दात आवळून चालत राहिले. आईने न विचारता तयार सोल आणून माझ्या पिशवीत घातले होते. एक दिवस चिडून तेही घातले. दुपारपर्यंत छान वाटलं, पण तोवर मापाच्या सोलने टाच इतकी सोलवटून काढली होती की संध्याकाळी पाऊल टेकवेना. बाथरूममध्ये जाऊन मी रडले. ड्यूटी लागायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिरुवैयारूचा एक तरुण आला. गाणं शिकवायचा, मोपेडवरून पडून पाऊल फाटलं होतं. मी पट्टी बदलायला वाकले तर त्याने पाय आखडून घेतला. "तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, अक्का. पाय नका धरू."

"पाय सैल सोड," मी ओरडले. "असा चोरून धरलास तर पट्टी वाकडी बसेल आणि जखम तुझीच चिघळेल."

त्याने पाय सोडला. मी पट्टी बांधली, हात धुतले आणि नळाखाली हात तसेच ठेवून उभी राहिले. त्या फोममध्ये मी काय ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. अर्धा भार मागे ठेवलेला, चोरलेला पाय. सोल अगदी बरोबर झाला होता, त्या चोरलेल्या पायाच्या मापाचा.

संध्याकाळी मी पुन्हा त्या गृहस्थांकडे गेले. चूक माझी आहे, पुन्हा ठसा घ्या, असं मी म्हणाले. ते खाली बसले. त्यांनी टाच धरली. या वेळी मी ती त्यांच्या हातात राहू दिली. भार टाकताना तोल जाऊ लागला तशी मी त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिले. फोम करकरत खाली गेला आणि दुखणं मांडीपर्यंत चढलं. मी मोठ्याने कण्हले. इतके दिवस कुणासमोर कण्हले नव्हते.

"पंधरा दिवस लागतील," ते म्हणाले. म्हणजे ड्यूटी लागून गेल्यावर.

रात्रभर विचार केला. सकाळी मेट्रनच्या खोलीत गेले. तिने मान वर न करता नेहमीचंच विचारलं, "दुखतं का?"

"हो," मी म्हणाले. "खूप दुखतं. तीन महिने झाले. सकाळी उभं राहवत नाही. पण मला वॉर्ड सोडायचा नाही, मॅडम."

तिने मान वर केली. "सोल येईपर्यंत काउंटरवर बसा. वॉर्डातली तुमची जागा मी कुणाला देत नाही," ती म्हणाली. मग जरा चिडूनच, "रोज विचारत होते, सिस्टर. कशाला विचारत होते असं वाटलं तुम्हाला?"

इतके दिवस मी तिला वैरीण समजत होते.

नवे सोल बसले. थोडे दिवस थांबून तयारच वापरले असते तर कदाचित तेही पुरले असते. आई हे अधूनमधून ऐकवते आणि मी ऐकून घेते. मी वॉर्डात परत आले. सकाळी टाच अजून थोडी दुखते. राउंडला मेट्रन विचारते, आणि दुखत असेल तर मी सांगते.